संगणकाच्या पडद्याची चित्रफीत

गेल्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात आमच्या दहावीच्या वर्गातला एक मुलगा लागोपाठ पाच दिवस शाळेत आला नाही. ओझरच्या आसपास, म्हणजे निफाड आणि दिंडोरी या तालुक्यांत, ऑक्टोबर म्हटला की द्राक्षबागांच्या छाटणीची धांदल. मजूर वेळेवर मिळाले नाहीत तर घरातली सगळी माणसे बागेत उतरतात, आणि काड्या गोळा करायला मुलांचेही हात लागतात. नेमक्या त्याच आठवड्यात भूमितीतले अंतर्लिखित कोनाचे प्रमेय शिकवून झाले. शनिवारी त्याचा निरोप आला, "सर, मित्राच्या वहीतून सगळं उतरवून घेतलंय. पण बिंदू सरकवला तरी कोन तोच कसा राहतो, ते वहीत बघून कळत नाही."

त्याचे म्हणणे खरे होते. हे प्रमेय मी वर्गात फळ्यावर शिकवतो, पण पटवून देतो संगणकावर. जिओजेब्रा नावाची भूमितीची एक आज्ञावली आहे. तिच्यात वर्तुळ काढायचे, त्यात अब ही जीवा घ्यायची, वर्तुळावर क हा बिंदू घ्यायचा आणि अकब हा कोन मोजायचा. समजा, तो ४० अंश आला. आता माऊसने क बिंदू धरून वर्तुळावरून सरकवू लागले की आकृती डोळ्यांसमोर बदलत जाते, भुजा लांब-आखूड होतात, पण कोनाचा आकडा ४० वरून हलत नाही. वहीत उतरवून घेण्यासारखी ही गोष्टच नव्हे.

म्हणून मी ठरवले की हा प्रयोग त्याला चित्रफितीतून दाखवावा. डाव्या हातात मोबाइल धरला, त्याचा कॅमेरा संगणकाच्या पडद्यासमोर नेला आणि उजव्या हाताने माऊस चालवत आठ मिनिटे बोललो. पाहिले तर अक्षरे पुसट, पडद्यावर पाण्याच्या लाटांसारखे रंगीत पट्टे, आणि फाइल झाली जवळजवळ एक गिगाबाइटची! त्या मुलाची वस्ती गावापासून दूर, शिवारात. तिथे एवढी फाइल उतरवून घ्यायची म्हणजे रात्र गेली असती, आणि मोबाइलचा दिवसाचा डेटाही.

माझी भाची त्या वेळी घरी होती. ती हसून म्हणाली, "मामा, पडद्याचा फोटो कशाला काढता? पडद्यालाच सांगा ना, स्वतःला टिपून घे म्हणून!" तिने संगणकावर एक संकेतस्थळ उघडले, एक कळ दाबली, आणि मी तोच धडा पुन्हा दिला. या वेळीही आठच मिनिटे लागली. अक्षर न् अक्षर स्वच्छ. आणि फाइल केवळ २२ मेगाबाइट!

विद्यार्थी मित्रांनो, एकाच पडद्याची, एवढ्याच वेळाची दोन चित्रणे. एक हजार मेगाबाइटचे आणि दुसरे बावीसचे. त्यातही जे लहान तेच अधिक स्पष्ट. हे कसे घडले, ते आज आपण पाहू.

पडदा टिपणे म्हणजे काय?

संगणकाच्या पडद्यावर जे जे घडते ते आवाजासह टिपून तयार केलेल्या चित्रफितीला स्क्रीनकास्ट म्हणतात. शब्द तसा नवा आहे. २००४ साली जॉन उडेल या अमेरिकन लेखकाने अशा चित्रफितींना काय नाव द्यावे असे आपल्या वाचकांना विचारले, आणि त्यांनी सुचवलेल्या नावांतून हे नाव रूढ झाले. कल्पना मात्र बरीच जुनी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबर्ट या संशोधकाने सुमारे हजार प्रेक्षकांसमोर दीड तास एक प्रात्यक्षिक केले. संगणक होता तिथून जवळजवळ पन्नास किलोमीटर दूर. त्याच्या पडद्यावर उमटणारी अक्षरे आणि हलणारा दर्शक सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर दिसत होते, आणि एंगलबर्ट आपण काय करत आहोत ते बोलून सांगत होता. माऊस जगाने पाहिला तो त्याच दिवशी. त्या कार्यक्रमाचे चित्रण आजही पाहायला मिळते.

कॅमेऱ्याने पडद्याचे चित्र घेणे आणि पडद्याने स्वतःला टिपणे यांतला फरक समजायला ओझरचेच उदाहरण घेऊ. मिग विमाने बांधण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना येथे १९६४ मध्ये स्थापन झाला. पुढे येथे सुखोई-३० विमाने तयार झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस मार्क-१ अ या विमानाने येथून पहिले उड्डाण केले. नव्या विमानाची चाचणी घेताना वेग, उंची, इंजिनाचे तापमान असे शेकडो आकडे टिपावे लागतात. वैमानिकाने विमान सांभाळायचे की आकडे लिहून घ्यायचे? दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास परदेशात यावर अशी युक्ती करत की विमानात उपकरणांच्या तबकड्यांचा आणखी एक संच बसवायचा, आणि एका कॅमेऱ्याने त्या तबकड्यांचीच छायाचित्रे घेत राहायचे. विमान उतरले की ती एकेक छायाचित्रे बघून काटा कुठे होता ते माणसे लिहून काढत. विमान थरथरले की काटा पुसट, काचेवर ऊन पडले की आकडा गायब! पुढे अभियंत्यांनी तबकडी मधून काढूनच टाकली. तापमापकाकडून तबकडीकडे जाणारा विद्युत्संदेशच त्यांनी थेट फितीवर नोंदवायला सुरुवात केली.

माझ्या दोन चित्रणांत नेमका हाच फरक होता. पडद्यावर कोणत्या ठिपक्याला कोणता रंग द्यायचा याची यादी संगणकाच्या स्मरणात आधीच तयार असते, तिच्यावरूनच तर पडदा उजळतो. स्क्रीनकास्टचे साधन ती यादीच उचलते. मध्ये प्रकाश नाही, भिंग नाही, थरथरणारा हात नाही. मोबाइलचा कॅमेरा मात्र त्या यादीचा प्रकाश होऊन, खोलीतल्या हवेतून येऊन, भिंगातून आत शिरल्यावर त्याची पुन्हा यादी करतो. अंकांचा प्रकाश आणि प्रकाशाचे पुन्हा अंक, असा हा द्राविडी प्राणायाम आहे.

त्या लाटांसारख्या पट्ट्यांचे कोडेही इथेच सुटते. पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी, आणि कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग हीसुद्धा जाळीच. मच्छरदाणीच्या कापडाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून किंचित तिरपे फिरवा. दोन्हींत नसलेली नक्षी तुम्हाला दिसू लागेल.

नव्वद गिगाबाइट कुठे गेले?

आता थोडे गणित करू. कागद-पेन्सिल घ्या. माझ्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके आहेत, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग तांबडा, हिरवा व निळा अशा तीन आकड्यांनी सांगतात आणि प्रत्येक आकड्याला एक बाइट जागा लागते. म्हणजे एका चित्राला ६२,२०,८०० बाइट, अर्थात सहा मेगाबाइटहून थोडे अधिक. हालचाल सलग दिसण्यासाठी सेकंदाला ३० चित्रे घेतली तर सेकंदाला सुमारे १८७ मेगाबाइट. आठ मिनिटांचे ४८० सेकंद. गुणाकार केलात तर उत्तर जवळजवळ ९० गिगाबाइट येईल!

म्हणजे मोबाइलने ९० चे एकावर आणले, हीसुद्धा काही लहान गोष्ट नव्हे. आणि स्क्रीनकास्टने त्या ९० गिगाबाइटचे केवळ २२ मेगाबाइट केले, सुमारे चार हजारांश. यात जादू नाही, हिशोब ठेवण्याची एक रीत आहे. ही रीत आपल्या किराणा दुकानदाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

दुकानदाराची उधारीची वही पाहिली आहे ना? तुमच्या खात्यावर तो रोज रात्री पूर्ण बाकी लिहून ठेवत नाही. महिन्याच्या आरंभी एकदा मागील बाकी लिहितो, आणि नंतर ज्या दिवशी तुम्ही काही नेले त्याच दिवशी तेवढेच मांडतो. ज्या दिवशी काही नेले नाही त्या दिवसाची ओळच नाही. तरीही कोणत्याही तारखेची बाकी विचारा, तो बेरीज करून सांगेल.

चित्रफितीची फाइल अशीच मांडलेली असते. आरंभी एक पूर्ण चित्र. त्याला आपण पायाचे चित्र म्हणू. त्यानंतर प्रत्येक वेळी आधीच्या चित्राहून काय बदलले तेवढेच लिहायचे. यासाठी संगणक चित्राचे लहान लहान चौकोन पाडतो, उदाहरणार्थ आडवे १६ आणि उभे १६ ठिपक्यांचे. चौकोनात काही बदलले नसेल तर त्याची नोंद जवळजवळ फुकटच होते: "जसे होते तसे". मी क बिंदू सरकवत होतो तेव्हा पडद्यावर काय बदलत होते? दोन रेघा, एक ठिपका आणि माऊसचा बाण. बाकीचे सारे पांढरे पान स्वस्थ होते. आणि मी नुसता बोलत होतो तेव्हा तर काहीच बदलत नव्हते. आठातली निदान चार मिनिटे अशी गेली.

याहून गमतीची युक्ती पुढे आहे. पान वर सरकवले तर पडद्यावरचा जवळजवळ प्रत्येक ठिपका बदलतो. मग सगळे नव्याने लिहायचे का? नाही. संगणक शोधून काढतो की हा चौकोन नवा नाही, मघाचाच चौकोन ४० ठिपके वर गेला आहे. मग तो रंग लिहीतच नाही, "मघाचा तुकडा उचल आणि ४० घरे वर ठेव" एवढेच लिहितो.

आता मोबाइलने काढलेल्या चित्रणाचे काय झाले ते सहज कळेल. माझा हात सतत हलत होता. हातामुळे झालेला सरकाव संगणक काही अंशी ओळखतो, पण तो सरकाव पूर्ण ठिपक्यांत थोडाच असतो! शिवाय खोलीतला प्रकाश कमी-जास्त होतो, आणि कमी प्रकाशात कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक वाळू पसरल्यासारखे कण उमटतात. ते दर चित्रात निराळे असतात. डोळ्याला स्वस्थ वाटणारे पांढरे पान कॅमेऱ्याच्या वहीत प्रत्येक क्षणी बदलत होते. बिचाऱ्या दुकानदाराला सेकंदाला तीस वेळा सगळ्या गावाची खाती नव्याने मांडावी लागली. त्याने नव्वदाचे एक केले ते बरेच काही टाकून देऊन, आणि टाकले काय, तर अक्षरांच्या कडा.

पायाचे चित्र दर काही सेकंदांनी पुन्हा लिहावे लागते. एखादी चित्रफीत पाहताना तुम्ही बोटाने एकदम मध्यावर उडी मारता तेव्हा ती क्षणभर अडखळते, हे पाहिले असेल. त्या जागेच्या आधीचे सर्वांत जवळचे पायाचे चित्र शोधायचे आणि तिथपासून बदल मांडत पुढे यायचे, एवढे काम तेवढ्या क्षणात चाललेले असते. मधली एखादी नोंद हरवली तर बाकी चुकते. चेहऱ्यावर हिरवे चौकोन दिसतात ते तेव्हा.

एक बारीक गोष्ट सांगायची राहिली. ती शिक्षकांच्या विशेष उपयोगाची आहे. आपल्या डोळ्यांना उजेड-अंधारातला फरक जितका बारीक कळतो तितका रंगातला कळत नाही. म्हणून चित्रफितीत बहुधा प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा लिहितात, पण रंगाची नोंद चार ठिपक्यांमागे एकच ठेवतात. निसर्गदृश्यात हे लक्षातही येत नाही. पण निळ्या पार्श्वभूमीवर बारीक तांबडी अक्षरे लिहा, त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतील. पांढऱ्यावर काळे किंवा काळ्यावर पांढरे, हेच उत्तम. फळा आणि खडू यांची जोडी जुन्या लोकांनी उगीच नाही लावली.

आवाज आणि विमान

चित्राची एवढी कौतुके सांगितली, तरी धडा समजतो तो आवाजामुळे. चित्र थोडे पुसट असले तर मुले चालवून घेतात. आवाज घुमला की दोन मिनिटांत बंद करतात.

आवाज टिपताना ध्वनिग्राहक हवेचा दाब सेकंदाला हजारो वेळा मोजतो. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कंपनाची चढ आणि उतार दोन्ही पकडायची तर दुपटीहून अधिक वेळा मोजायला हवे, म्हणून ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजण्याची पद्धत आहे. ते आकडेही पुढे आटवून लहान केले जातात. माझ्या बावीस मेगाबाइटमध्ये आवाजाचा वाटा चारेक मेगाबाइटचाच होता.

ओझरला राहणाऱ्याची खरी अडचण वेगळीच. तुम्ही "समजा, क हा बिंदू" म्हणता आणि डोक्यावरून सुखोई जाते. पुढचे अर्धे मिनिट भूमिती नाही, नुसता गडगडाट! यावर दोन उपाय सापडले. पहिला अगदी साधा. विमान जाईपर्यंत गप्प बसायचे आणि तेवढा भाग नंतर कापून टाकायचा. पडदा या काळात स्वस्थ ठेवला तर कापल्याची खूणसुद्धा दिसत नाही. दुसरा उपाय पदार्थविज्ञानातला. लहान जागेतून निघालेल्या ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. ध्वनिग्राहक तोंडापासून ६० सेंटिमीटरवर होता तो १५ वर आणला, म्हणजे अंतर पाव झाले, की माझा आवाज तिथे सोळापट तीव्र पोचतो. विमान तर कित्येक किलोमीटर दूर. त्याला या ४५ सेंटिमीटरचा पत्ताही लागत नाही, त्याचा आवाज होता तेवढाच राहतो. त्यामुळे तुलनेत माझे पारडे सोळापट जड होते. घुमणाऱ्या खोलीवर उपाय म्हणून समोरच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगा. गुळगुळीत भिंतीवरून परतणारा आवाज गोधडीच्या थरांत जिरतो.

कळ दाबण्यापूर्वी

ही साधने वापरायला आता वेगळी आज्ञावली बसवावी लागतेच असे नाही. २०१९ च्या सुमारास प्रमुख ब्राउझरांत पडदा टिपण्याची सोय आली, आणि तेव्हापासून नुसते संकेतस्थळ उघडूनही हे काम होते. मोबाइलच्या ब्राउझरात मात्र ही सोय सहसा मिळत नाही. पण पडदा टिपण्याची कळ आता फोनच्याच प्रणालीत असते. आयफोनमध्ये ती २०१७ पासून आहे, अँड्रॉइडमध्ये २०२० च्या अकराव्या आवृत्तीपासून.

संगणकावर कळ दाबली की ब्राउझर तुम्हाला विचारतो: संपूर्ण पडदा टिपू, एकच खिडकी टिपू, की ब्राउझरातले एकच पान? हा प्रश्न दर वेळी विचारला जातो, आणि तुमच्या होकारावाचून कोणतेही संकेतस्थळ पडदा पाहू शकत नाही. या प्रश्नापाशी घाई करू नका. "संपूर्ण पडदा" म्हणालात तर कोपऱ्यात उमटणारा काकांचा निरोप, बँकेतून आलेला परवलीचा आकडा, उघडी राहिलेली गुणांची यादी, सारे काही चित्रफितीत जाते, आणि चित्रफीत एकदा दुसऱ्याच्या फोनवर गेली की परत बोलावता येत नाही. मी नेहमी एकच खिडकी निवडतो आणि निरोपांच्या सूचना बंद करून ठेवतो.

पडदा टिपणे आणि चालू पडदा दुसऱ्याला दाखवणे ही सख्खी भावंडे आहेत, आणि दुसऱ्या भावंडाचा चोरांनी पुरेपूर फायदा घेतला आहे. फोनवर गोड बोलून एखादे साधन बसवायला लावायचे आणि मग समोरच्याच्या पडद्यावर बँकेचे आकडे वाचायचे, अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. घरातल्या आजी-आजोबांना हे तुम्हीच समजावून सांगा. पडदा दाखवणे म्हणजे तिजोरी उघडी ठेवून पाहुण्याला घरात बसवणे होय.

दहा मिनिटे पुरेत

चांगली चित्रफीत कशी करावी याचा वस्तुपाठ आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा राहिला. मुक्त आज्ञावली शिकवणाऱ्या सुमारे दहा-दहा मिनिटांच्या पडदा-चित्रफिती त्यांनी तयार केल्या, आणि त्यांचा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत नव्याने भरला. पडद्यावरचे चित्र तेच, आवाज फक्त बदलायचा. चित्र आणि आवाज वेगवेगळे नोंदलेले असतात, म्हणूनच हे इतक्या स्वस्तात साधते.

त्यांच्या कामाच्या दोन रीती मला फार आवडतात. बोलायचे ते सगळे आधी लिहून काढायचे. कागदाला दोन रकाने: एकात पडद्यावर काय दिसणार, दुसऱ्यात त्या वेळी काय बोलणार. आणि ही संहिता तो विषय न येणाऱ्या माणसाला वाचायला द्यायची. तो जिथे अडेल तिथे संहिता चुकली. जाणकाराला दाखवून उपयोग नाही, कारण गाळलेली पायरी तो मनातल्या मनात भरून घेतो. दुसरी रीत पाहणाऱ्यासाठी आहे. पडद्याच्या अर्ध्या भागात चित्रफीत लावायची, उरलेल्या अर्ध्यात तीच आज्ञावली उघडायची. एक पायरी बघायची, थांबवायची, स्वतः करायची, पुढे जायचे. पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम १९८० च्या दशकात दूरदर्शनवरून घरोघर पोचले, पण "जरा थांबा, मला पुन्हा बघू द्या" असे दूरदर्शन संचाला म्हणता येत नव्हते.

पाठवायचे कसे?

फाइल पाठवता येते किंवा तिचा पत्ता पाठवता येतो. फाइल पाठवली तर पाहणाऱ्याला ती सगळी उतरवून घ्यावी लागते, पण मग जाळ्याशिवायही कितीदा तरी पाहता येते. पत्ता पाठवला तर चित्रफीत दूरच्या संगणकावरच राहते आणि तुकड्या-तुकड्यांनी फोनवर येते. मोठी संकेतस्थळे एकाच चित्रफितीच्या लहान-मोठ्या स्पष्टतेच्या अनेक प्रती करून ठेवतात. तुमचे जाळे मंदावले की पुढचा तुकडा हलक्या प्रतीतून येतो. चित्र मध्येच पुसट होते आणि पुन्हा स्वच्छ होते, ते यामुळे. काही साधने तर तुम्ही बोलत असतानाच तयार झालेले तुकडे वर चढवत जातात, म्हणून थांबण्याची कळ दाबताच पत्ता हातात मिळतो. पत्ता कोणाकोणाला उघडता यावा हे त्या साधनात ठरवून ठेवता येते. ते न पाहता पाठवू नका.

लांबलचक पत्ता वहीत लिहून घ्यायचा म्हणजे चुका होणार. त्यावर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर कोडचा उपयोग केला. पाठ्यपुस्तकात छापलेला तो काळा-पांढरा चौकोन फोनला दाखवला की धडा उघडतो. पुढे ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली, आणि २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. हा चौकोन १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांच्या हिशोबासाठी तयार झाला होता. त्यात माहिती अशी पेरलेली असते की, सर्वांत सावध प्रकारात, सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. शाळेच्या पुस्तकांचे जे हाल होतात ते पाहता हा गुण मोलाचाच म्हणायचा.

करून पाहा

घरी किंवा शाळेच्या संगणक कक्षात हा प्रयोग जरूर करा. एकाच साधनाने, एकाच स्पष्टतेने, एकेक मिनिटाची तीन चित्रणे करा. पहिल्यात पुस्तकाचे एक पान उघडून नुसते स्वस्थ बसा. दुसऱ्यात तेच पान हळूहळू वर-खाली सरकवत राहा. तिसऱ्यात पावसात हलणाऱ्या झाडाची एखादी चित्रफीत पूर्ण पडदाभर लावा. तिन्ही वेळी तोंडाने काही बोलू नका. आता तीन फाइलींचे आकार लिहा. प्रयोग करण्याआधी त्यांचा चढता क्रम काय लागेल ते वहीत लिहून ठेवा, आणि दुसरी फाइल पहिलीच्या जवळ येते की तिसरीच्या, याचाही अंदाज करा. पान हळू सरकवले आणि भराभर सरकवले तर काही फरक पडतो का? तेही पाहा.

आता त्या मुलाची गोष्ट पुरी करतो. बावीस मेगाबाइटची फाइल त्याला शनिवारी रात्रीच पोचली. रविवारी दुपारी, बागेतल्या जेवणाच्या सुट्टीत, त्याचा फोन आला.

"सर, पाच मिनिटं बारा सेकंदांवर तुमचा बिंदू ब च्या पलीकडे गेला होता."

"गेला असेल रे. हात घसरला असेल. का?"

"तिथं थांबवून बघितलं. कोन चाळीस नाही दाखवत. एकशे चाळीस दाखवतो. मग तुम्ही परत आणलात की पुन्हा चाळीस."

मी चित्रफीत उघडून पाहिली. अर्धा सेकंदही नव्हता तो. कोन शून्य ते १८० अंशांतच दाखवावा असे मी आज्ञावलीला सांगून ठेवले होते, म्हणून तिथे १४० उमटले होते. वर्गात तीन वर्षे मी हा प्रयोग दाखवत आलो, माझा हात तिथे आधीही घसरला असेल, पण कोणाच्या ते लक्षात आले नव्हते. माझ्याही नाही.

"सर, दोन्ही मिळून एकशे ऐंशी होतात. हे नेहमीच होतं का?"

"तू सांग. दुसरी जीवा घेऊन बघ, आणि बघितलंस की टिपून पाठव."

सोमवारी सकाळी त्याने त्याच्या फोनच्या पडद्याचे चित्रण पाठवले. तीन मिनिटांचे, नऊ मेगाबाइट. मागून फवारणीच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता, त्यामुळे निम्मे बोलणे ऐकू आले नाही. पण जीवा पाच होत्या, आणि पाचही वेळा बेरीज १८० होती. चक्रीय चौकोनाचे प्रमेय पुस्तकात पुढच्या पानांवर होते. ते मी त्या आठवड्यात त्याच चित्रफितीवरून शिकवले.